विश्लेषण : कारखान्यात बनणाऱ्या घरांतील थंडावा जमिनीखाली का गळतो? अमेरिकेत डक्टच्या रचनेवरून वाद कशासाठी?

अमेरिकेत सुमारे दोन कोटी लोक कारखान्यात तयार होऊन ट्रकमागून ओढत आणलेल्या घरांत राहतात. ही घरे घ्यायला स्वस्त, पण त्यांत राहणे तितके स्वस्त नाही. कारणे अनेक आहेत. त्यातले एक घराच्या तळाखाली दडलेले असते. गरम किंवा गार हवा खोल्यांपर्यंत नेणाऱ्या नळ्या, म्हणजेच डक्ट, वाटेतच गळतात. यंत्र चालू राहते, बिल वाढत राहते आणि हवा मात्र घराबाहेर जाते. ही गळती कारखान्यात थांबवणे सोपे आणि स्वस्त आहे. तरीही त्यासाठीचा राष्ट्रीय नियम २००७ पासून रेंगाळला आहे. डक्टची रचना, तिच्यातील दोष आणि या नियमाभोवतीचा वाद यांविषयी…

ही घरे नेमकी कोणती?

‘मॅन्युफॅक्चर्ड होम’ म्हणजे पोलादी सांगाड्यावर कारखान्यात पूर्ण बांधले जाणारे आणि चाकांवरून जागेवर नेले जाणारे घर. पूर्वी त्याला ‘मोबाइल होम’ म्हणत. एकाच खणाच्या लांबट घराला ‘सिंगल-वाइड’ म्हणतात, तर दोन खण जागेवर आणून शेजारी-शेजारी जोडले की ‘डबल-वाइड’ होते. इतर घरांना राज्याचे किंवा शहराचे बांधकाम नियम लागू होतात. या घरांना मात्र संघराज्याच्या गृहनिर्माण व नागरी विकास विभागाची, म्हणजे ‘एचयूडी’ची, एकच राष्ट्रीय संहिता लागू आहे. तिचा कायदा १९७४ चा आणि अंमल १५ जून १९७६ पासूनचा. घरांच्या ऊर्जाविषयक निकषांत त्यानंतरची मोठी सुधारणा १९९४ मध्ये झाली.

गेल्या काही वर्षांत अशी एक लाखाच्या आसपास नवी घरे दरवर्षी बाहेर पडतात. घेणारे बहुतांशी कमी उत्पन्नाचे, निवृत्त किंवा गावखेड्यातील लोक असतात. अनेकांची जमीन भाड्याची असते. कर्जही गृहकर्ज म्हणून न मिळता वाहनाप्रमाणे ‘जंगम मालमत्ते’वर मिळते, त्यामुळे व्याज जास्त पडते. अशा कुटुंबाला महिन्याच्या वीजबिलातील शे-दीडशे डॉलरही जड जातात.

हवा घरभर फिरते कशी?

अमेरिकेत मुलाकडे किंवा बहिणीकडे राहून आलेल्यांनी जमिनीत बसवलेल्या लोखंडी जाळ्या पाहिल्या असतील. थंडीत त्यांतून गरम हवा येते, उन्हाळ्यात गार. आपल्याकडे प्रत्येक खोलीला वेगळा एसी असतो. तिथे बहुतेक घरांत एकच यंत्र आणि त्याला जोडलेले नळ्यांचे जाळे असते.

कारखान्यातल्या घरात हे यंत्र साधारण मधोमध एका कपाटात उभे असते. पंखा घरातील हवा ओढून घेतो, ती गरम वा गार होते आणि खाली ढकलली जाते. खाली, जमिनीच्या तुळयांमध्ये, घराच्या लांबीभर पत्र्याची मुख्य डक्ट पसरलेली असते. तिच्यावर जागोजागी भोके पाडून आखूड उभे तुकडे बसवतात, ते जमिनीतील जाळ्यांना मिळतात. या सगळ्याखाली उष्णतारोधक थर आणि त्याच्याही खाली एक जाड ताडपत्रीसारखे कापड असते. त्याला तिथले कारागीर घराचे ‘बेली’, म्हणजे पोट म्हणतात.

डबल-वाइड घरात आणखी एक दुवा लागतो. यंत्र एका अर्ध्यात असते. दुसऱ्या अर्ध्यातील डक्टला हवा द्यायची तर दोन्ही डक्ट जोडाव्या लागतात. हे काम ‘क्रॉसओव्हर’ ही लवचीक जोडनळी करते. ती घराच्या पोटाबाहेर, जमीन आणि घर यांमधल्या पोकळीत लोंबत असते.

गळती नेमकी कुठे होते?

सर्वाधिक घोटाळा सांध्यांवर होतो. मुख्य डक्ट आणि उभा तुकडा यांचा सांधा, उभा तुकडा आणि जमीन यांचा सांधा, यंत्र आणि डक्ट यांचा सांधा, डक्टचे शेवटचे बंद टोक. एका घरात असे डझनावारी सांधे असतात. कारखान्यात हे काम काही मिनिटांत उरकायचे असते. वर जमिनीचा पृष्ठभाग ठोकला गेला की सांधा कोणाला दिसत नाही.

पुढचा धोका प्रवासाचा. घर महामार्गावरून शेकडो मैल हादरत जाते. कारखान्यात घट्ट बसलेले सांधे सैल होऊ शकतात. त्यानंतर जागेवर बसवणारी टोळी क्रॉसओव्हर जोडते. तिचे काम अंधाऱ्या, ओल्या जागेत पोटावर सरपटत करावे लागते. नळी नीट आवळली नाही, टांगली नाही, जमिनीवरच टेकली, तर ती काही वर्षांत चेपते, फाटते किंवा सुटून पडते. सुटली तर निम्म्या घराची हवा थेट बाहेर.

उरलेले काम उंदीर आणि प्लंबर करतात. गळका पाइप दुरुस्त करायला पोटाचे कापड फाडले जाते आणि पुन्हा शिवले जात नाही. मग उष्णतारोधक थर खाली लोंबतो, आणि डक्ट थेट बाहेरच्या हवेत उघडी पडते.

अमेरिकेच्या ‘एनर्जी स्टार’ कार्यक्रमाच्या अंदाजानुसार साध्या घरांतही डक्टमधून वाहणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा गळती, भोके आणि ढिल्या सांध्यांतून वाया जाते. साध्या घरात तळघरात गळलेल्या हवेचा थोडा तरी उपयोग होतो. कारखान्यातल्या घराच्या पोटातून सुटलेली हवा मात्र मोकळ्या वाऱ्यात मिसळते.

नुकसान दुहेरी कसे?

समजा, यंत्र मिनिटाला १,००० घनफूट हवा ढकलते आणि त्यातली १०० घनफूट घराच्या तळाखाली गळते. पंखा मात्र घरातून पूर्ण १,००० घनफूट ओढत असतो. घरात परत येतात ९००. ही तूट भरून काढायला जवळपास तेवढीच हवा दारे-खिडक्यांच्या फटींतून, भिंतींतून बाहेरून आत शिरते. म्हणजे पैसे खर्चून गार केलेली हवा गेली आणि तिच्या जागी तापलेली हवा आली. ती पुन्हा गार करायची.

दमट प्रदेशात याचा फटका बिलापुरता राहत नाही. आत येणारी हवा भिंतीच्या पोकळीतून वाट काढते. या घरांत भिंतीच्या आतल्या बाजूला विनाइलचा थर चिकटवलेले जिप्समचे तक्ते असतात. विनाइलमधून वाफ पार होत नाही. एसीमुळे तक्ता गार असतो, बाहेरची दमट हवा त्याच्या मागे येऊन थबकते आणि ओल धरते. फ्लोरिडा सौरऊर्जा केंद्राच्या अभियंत्यांनी ओल आणि बुरशीच्या तक्रारी आलेल्या घरांची तपासणी केली, तेव्हा गळक्या डक्टमुळे घरात निर्माण होणारा उणा दाब हे एक मुख्य कारण म्हणून पुढे आले. तिथे पावसाचे पाणी न शिरताही भिंत आतून मऊ पडलेली आढळू शकते. रहिवासी मात्र छपराकडे बोट दाखवत राहतो.

दाबाचा खेळ बंद दारामुळेही बिघडतो. हवा परत ओढणारी जाळी बहुधा मधल्या भागात एकच असते. रात्री शयनगृहाचे दार लावले की तिथे येणारी हवा अडकते, तिथला दाब वाढतो आणि बाकी घरात उणा दाब होतो. दाराखाली पुरेशी फट किंवा दारावर हवा पलीकडे जाऊ देणारी जाळी एवढ्याने हे सुटते.

‘डक्ट टेप’ चालत नाही?

ज्या वस्तूच्या नावातच डक्ट आहे, ती डक्टवर टिकत नाही, हे या विषयातले गमतीदार सत्य आहे. लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतील मॅक्स शेरमन आणि आयन वॉकर यांनी १९९८ मध्ये डक्टचे सांधे बुजवणाऱ्या निरनिराळ्या पदार्थांच्या चाचण्यांचे निष्कर्ष मांडले. सांध्यांवर आळीपाळीने गरम आणि थंड हवेचा मारा करून त्यांचे वय झटपट वाढवले गेले. इतर पदार्थ बहुतांशी तगले; कापडाच्या पाठीची, रबरी गोंदाची नेहमीची डक्ट टेप मात्र वारंवार सुटली. उष्णतेने तिचा गोंद वाळतो, आकसतो आणि टेप सुटते.

त्याऐवजी ‘मॅस्टिक’ वापरावे, असे तज्ज्ञ सांगतात. हा ब्रशने किंवा हाताने फासायचा घट्ट लेप असतो. फट मोठी असेल तर आधी काचतंतूंची जाळीदार पट्टी लावून वर लेप देतात. तो सुकला तरी थोडा लवचीक राहतो, त्यामुळे प्रवासातील हादरेही सोसतो. अर्थात लेप म्हणजे बळकटी नव्हे. सांधा आधी स्क्रूने किंवा पट्ट्याने घट्ट बसवायचा असतो, लेप नंतर.

चांगल्या डक्टची रचना कशी असते?

गळती बंद करणे हा निम्मा भाग. उरलेला निम्मा आराखड्यातच ठरतो.

पहिली गोष्ट, मार्ग आखूड आणि सरळ हवा. यंत्र मधोमध ठेवले तर दोन्ही टोकांना हवा सारख्या दाबाने पोहोचते. ते एका कोपऱ्यात ठेवले तर लांबच्या शयनगृहाला कायम कमी मिळते. दुसरी, नळीची रुंदी. तेवढीच हवा निम्म्या व्यासाच्या नळीतून नेली तर घर्षणामुळे होणारी दाबाची हानी सुमारे ३० पटींनी वाढते. म्हणून पत्र्यात केलेली थोडीशी काटकसर पंख्याच्या विजेत कायमची वसूल होते. तिसरी, लवचीक नळी ताणून बसवणे. ती झोळीसारखी लोंबली किंवा चेपली की तिच्या आतल्या सुरकुत्या हवेला अडवतात.

चौथी आणि महत्त्वाची गोष्ट, डक्ट घराच्या उष्णतारोधक आवरणाच्या आत ठेवणे. आत गळलेली हवा घरातच राहते. क्रॉसओव्हर तळाखाली लोंबत न ठेवता दोन्ही खणांच्या कडेच्या तुळयांतून आरपार नेण्याची पद्धत याच विचारातून आली. दोन खण एकमेकांना भिडले की तोंडाला तोंड जुळते आणि मधल्या रबरी पट्टीने सांधा बंद होतो. जागेवरच्या टोळीचे सरपटणे वाचते आणि चुकीची शक्यता घटते. भिंतीच्या किंवा तुळयांच्या मोकळ्या पोकळीलाच नळी समजून त्यातून हवा सोडण्याची जुनी युक्ती मात्र टाळायला हवी. अशी पोकळी कधीच हवाबंद नसते.

पाचवी, खोलीनिहाय हिशेब. कोणत्या खोलीला किती उष्णता लागते आणि त्यासाठी किती हवा, याची आकडेमोड करण्यासाठी तिथल्या वातानुकूलन ठेकेदारांच्या संघटनेच्या प्रमाणित पद्धती आहेत. कारखान्यात हा हिशेब एकदा नीट केला की त्या नमुन्याच्या प्रत्येक घराला तोच लागू पडतो. जागेवर बांधलेल्या घरांना ही सोय नाही.

डक्टच नको, असे करता येईल का?

काही प्रमाणात, होय. अलाबामातील रसेलव्हिल येथे ऊर्जा विभागाच्या ‘बिल्डिंग अमेरिका’ कार्यक्रमात तीन घरे शेजारी-शेजारी उभारून तुलना करण्यात आली. एक संहितेपुरते, दुसरे ‘एनर्जी स्टार’ दर्जाचे आणि तिसरे त्याहून अधिक काटकसरी. तिसऱ्यात डक्टऐवजी आपल्या ओळखीचा भिंतीवरचा स्प्लिट एसी, म्हणजे गरम-गार दोन्ही करणारा हीट पंप होता. नळ्याच नाहीत, तर गळणार काय? अडचण वेगळी असते. एका यंत्राची हवा बंद दारापलीकडच्या खोल्यांत पोहोचत नाही, आणि प्रत्येक खोलीला यंत्र लावले तर खर्च वाढतो. म्हणून लहान, मोकळ्या आराखड्याच्या घरांना हा पर्याय अधिक शोभतो.

गळती मोजतात कशी?

खोल्यांतील सगळ्या जाळ्या टेपने बंद करतात आणि एका तोंडाला मोजणीचा पंखा जोडतात. डक्टमध्ये २५ पास्कल दाब येईपर्यंत पंखा चालवतात. हा दाब अगदी थोडा, अडीच मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या थराएवढा. तो टिकवायला पंख्याला मिनिटाला जेवढी हवा ढकलावी लागते, तेवढी गळती. डक्ट हवाबंद असती तर पंख्याला जवळपास काहीच ढकलावे लागले नसते.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने २०२२ च्या नियमात याची मर्यादा घातली : दर १०० चौरस फूट क्षेत्रफळामागे मिनिटाला जास्तीत जास्त ४ घनफूट. १,२०० चौरस फुटांच्या घराला याचा अर्थ मिनिटाला ४८ घनफूट. कारखान्यात ही चाचणी डक्ट झाकण्यापूर्वीच घेता येते. सांधा डोळ्यांसमोर असतो, लेपाचा डबा शेजारी असतो आणि दुरुस्तीला काही मिनिटे लागतात. हेच काम घर विकल्यावर करायचे तर कोणाला तरी तळाखाली सरपटावे लागते.

मग नियम अडला कुठे?

अमेरिकी संसदेने २००७ च्या ऊर्जा कायद्यात ऊर्जा विभागाला या घरांसाठी नवे निकष ठरवण्याचा आदेश दिला. मुदत उलटली तरी निकष आले नाहीत. सिएरा क्लब या पर्यावरण संस्थेने २०१७ मध्ये न्यायालयात धाव घेतली. अखेर ३१ मे २०२२ रोजी नियम प्रसिद्ध झाला. त्यात दोन पायऱ्या ठेवल्या गेल्या. सिंगल-वाइड घरांसाठी सौम्य निकष, ज्यांमुळे किंमत साडेसातशे डॉलरपेक्षा जास्त वाढू नये. आणि त्याहून मोठ्या घरांसाठी कडक निकष, ज्यांचा वाढीव खर्च चार हजार डॉलरच्या आसपास. डक्टच्या गळतीची मर्यादा मात्र दोन्हींना सारखीच.

घरबांधणी उद्योगाचा आक्षेप असा, की किंमत थोडीही वाढली तर काठावरचे कुटुंब कर्जाला अपात्र ठरते आणि पहिल्या घराला मुकते. शिवाय ‘एचयूडी’ची संहिता एक सांगते आणि ऊर्जा विभाग दुसरे, तर तपासणी कोणी करायची? २०२३ मध्ये उद्योगाच्या संघटना न्यायालयात गेल्या. अंमलबजावणीची ३१ मे २०२३ ही तारीख पुढे गेली. मोठ्या घरांसाठी १ जुलै २०२५ ही नवी तारीख ठरली. ती तोंडावर आली तेव्हा तीही पुढे ढकलण्यात आली.

किमतीचा आक्षेप खोटा नाही. पण तो पूर्ण नियमाविषयी आहे. जाड भिंती, चांगल्या खिडक्या हे खर्चाचे मोठे भाग. डक्टचा सांधा लेपून चाचणी घेणे हा त्यातला सर्वात स्वस्त भागांपैकी एक. तो तरीही सर्रास होत नाही, कारण घर बनवणारा बिल भरत नाही आणि बिल भरणाऱ्याला सांधा दिसत नाही. विक्रीच्या दालनात ग्राहक स्वयंपाकघराचा ओटा पाहतो, तळाखालची नळी नाही.

सक्तीशिवाय काही साधते का?

साधते. वायव्य अमेरिकेतील वीज कंपन्यांनी १९९२ ते १९९५ दरम्यान वेगळी वाट काढली. नवे वीजकेंद्र बांधण्यापेक्षा वीज वाचवणे स्वस्त, असा त्यांचा हिशेब होता. म्हणून विजेवर गरम होणारे काटकसरी घर बनवले की त्यांनी थेट कारखानदाराला पैसे दिले, सुरुवातीला घरामागे २,५०० डॉलर. त्या भागातील कारखान्यांनी आपली पद्धतच बदलली आणि हजारो घरे सुधारून बाहेर पडली. भिंती, जमीन आणि छप्पर सुधारल्यावर उरलेला ठळक दोष म्हणून पुढे डक्टच समोर आली आणि तिथले कार्यक्रम डक्टच्या चाचणीकडे वळले.

जुन्या घरांचे काय?

नियम लागू झाला तरी तो नव्या घरांपुरता. आधीपासून उभ्या असलेल्या घरांसाठी १९७६ पासून चालणारा संघराज्याचा ‘वेदरायझेशन’ कार्यक्रम आहे. त्यात कमी उत्पन्नाच्या कुटुंबांच्या घरांची डक्ट लेपून देणे, क्रॉसओव्हर बदलणे, पोटाचे कापड दुरुस्त करणे अशी कामे विनाशुल्क होतात. रहिवाशाला स्वतःलाही काही खुणा ओळखता येतात. एका अर्ध्या घरात हवा जोरात आणि दुसऱ्यात क्षीण येत असेल तर क्रॉसओव्हर तपासावी. यंत्र चालू असताना तळाखालच्या पोकळीत गार वारा जाणवला तर गळती नक्की. एखाद्या जाळीतून धूळ, माती किंवा उंदराचा वास येत असेल तर तिथला सांधा उघडा आहे.

आपल्यासाठी यात काय?

आपल्या घरांत डक्ट क्वचितच असते. पण कार्यालये, नाट्यगृहे, मॉल, रुग्णालये, वातानुकूलित मंगल कार्यालये यांत छताआड तीच असते. एसी घेताना आपण ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारे मोजतो. ते तारे यंत्राचे असतात. त्याला जोडलेल्या नळीचे नसतात. पंचतारांकित यंत्राची हवा गळक्या डक्टमधून छताआड गेली तर ताऱ्यांचा उपयोग तिथेच संपतो. म्हणून डक्टचे काम करून घेताना ठेकेदाराला दोन प्रश्न विचारायला हवेत : सांधे कशाने बंद केले, आणि वरून छत लावण्यापूर्वी गळतीची चाचणी कोण घेणार?